शरीराची शिकवणी

मुलाला गणित जड जाऊ लागले की आपण शिकवणी लावतो. मुलीचा गळा बरा असेल तर गाण्याचा क्लास लावतो, आणि दहावीचे वर्ष आले की पोटाला चिमटा काढून आणखी दोन विषयांची सोय करतो. या खर्चाविषयी घरात कुणी फारशी कुरकूर करीत नाही. कारण जे येत नाही ते येणाऱ्याकडून शिकावे, हे आपल्याला मनापासून पटलेले असते. हाच न्याय शरीराला लावू म्हटले, की मात्र कपाळाला आठ्या पडतात. उठणे, बसणे, वाकणे, चालणे, ओझे उचलणे या काय पैसे मोजून शिकायच्या गोष्टी आहेत? जन्मापासून आपण हेच तर करीत आलो आहोत!

२०२४ साली हा प्रश्न आमच्या घरात आला आणि बरेच दिवस मुक्काम करून राहिला. महिन्याला सहा हजार रुपये देऊन ‘पर्सनल ट्रेनर’, म्हणजे एकट्यासाठी नेमलेला व्यायामशिक्षक, लावावा की लावू नये? प्रश्न पत्नीच्या प्रकृतीचा होता, आणि पैसे माझ्या निवृत्तीनंतरच्या जेमतेम ठेवींतून जायचे होते. म्हणून तो दोघांचा होता. त्या विचारातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो. अशी घरे आपल्यात बरीच असतील.

आम्ही नारपोलीत राहतो. भिवंडीच्या या भागाची ओळख आधी कानाला होते आणि मग डोळ्यांना. यंत्रमागांची खडखड येथे रात्रंदिवस चालते. ती थांबली, तर वीज गेली किंवा मंदी आली असे समजावे. अलीकडे या खडखडीत गोदामांकडे जाणाऱ्या ट्रकांच्या भोंग्यांची भर पडली आहे. मी चाळीस वर्षे येथील एका यंत्रमाग कारखान्यात मेहताजी होतो. सुताच्या पोत्यांचा, कापडाच्या ताग्यांचा आणि विणकरांच्या पगाराचा हिशेब लिहिण्यात आयुष्य गेले. बारा बारा तास मागांमध्ये उभे राहणारे विणकर आणि पाठीवर गाठी वाहणारे हमाल रोज डोळ्यांसमोर होते. अशा वस्तीत ‘वजन उचलून घ्यायला’ माणूस नेमायचा आणि वर त्यालाच पैसे द्यायचे, ही कल्पना थोडी विनोदी वाटली तर नवल नाही. आमच्या शेजाऱ्यांना ती तशीच वाटली.

प्रश्न उपस्थित झाला तो एका साध्या पडण्यातून. त्या पावसाळ्यात पत्नी बाजारातून येताना गल्लीतल्या ओल्या लादीवरून घसरली. उंचावरून नव्हे, उभ्याची खाली बसली एवढेच. पण टेकलेल्या हाताचे मनगट मोडले. डॉक्टरांनी प्लॅस्टर घातले आणि शांतपणे म्हणाले, “इतक्याशा पडण्याने हाड मोडायला नको होते.” त्यांच्या सांगण्यावरून ठाण्याला जाऊन हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करून घेतली. मणक्याचा आकडा आला उणे २.७. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे उणे २.५ किंवा त्याखाली आकडा गेला की त्याला अस्थिसुषिरता म्हणतात, म्हणजे हाडे आतून विरळ होणे. पत्नीचे वय तेव्हा बासष्ट होते.

डॉक्टरांनी औषध दिले, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिले, आणि मग म्हणाले, “हाडांना भार द्या. चालणे चांगलेच आहे. पण तेवढ्याने भागणार नाही. स्नायूंना ताकद हवी आणि शरीराला तोल हवा.” हाड हे आपण समजतो तसे निर्जीव लाकूड नसते. ते जिवंत असते, झिजते आणि भरते. आणि ज्या दिशेने भार पडतो त्या दिशेने स्वतःला बळकट करून घेते. जर्मन शल्यवैद्य यूलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये हे तत्त्व ग्रंथरूपाने मांडले. स्त्रीच्या शरीरात पाळी थांबल्यानंतर इस्ट्रोजेन कमी होते आणि झीज भरण्याच्या पुढे धावू लागते. औषध ती झीज रोखते. पण पडण्यापासून सावरणारे पाय औषधाच्या बाटलीत मिळत नाहीत.

ही हकिकत ऐकून थोरली लेक फोनवर म्हणाली, “पप्पा, मम्मीला ट्रेनर लावा.” त्यावर पत्नी ताडकन म्हणाली, “अहो, माझ्या अंगावर महिन्याला सहा हजार? घरातला केर काढते, पाणी भरते, चौथा मजला चढते. आणखी कसला व्यायाम?”

तिच्या या उद्गारात दोन गोष्टी होत्या, आणि त्या वेगवेगळ्या करून पाहायला मला काही दिवस लागले. एक होती संकोचाची. आपल्या घरांत मुलांची फी, पुरुषाचे चष्मे, म्हाताऱ्यांची औषधे यांना अंदाजपत्रकात जागा असते. आईच्या शरीराला बहुधा शिल्लक उरली तर. दुसरी गोष्ट युक्तिवादाची होती, आणि ती अधिक महत्त्वाची: घरकाम हाच व्यायाम नव्हे काय?

घरकामात श्रम आहेत यात शंका नाही. पण श्रम कामासाठी होतात. बादली भरली की उचलावी लागते, मग कंबर दुखत असो वा नसो. व्यायाम शरीरासाठी होतो. त्यात भार मोजून वाढवता येतो, दुर्बल अवयवाला मुद्दाम काम देता येते, आणि विश्रांती हाही त्याचाच भाग असतो. आमच्या विणकरांचे पाय दिवसभर चालतात, तरी पन्नाशीत त्यांचे गुडघे आणि कंबर बोलू लागतात, ते का, हे मला तेव्हा नीट उमगले. भारतातील प्रौढांपैकी जवळजवळ निम्मे लोक २०२२ मध्ये पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते आणि स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के होते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. दिवसभर राबणाऱ्या आपल्या बायकांच्या देशातला हा आकडा विचार करायला लावणारा आहे. याच संघटनेची २०२० सालची शिफारस अशी, की प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा, निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, आणि पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचा सराव आठवड्यातून तीन दिवस तरी करावा. केर काढून यातले पहिले कदाचित थोडेफार साधेल. दुसरे आणि तिसरे साधणार नाही.

तेव्हा व्यायाम हवा, हे ठरले. पण त्यासाठी शिक्षक हवा काय? मी मेहताजी, वहीवर उभी रेघ मारून पर्याय लिहिले. पहिला, कामतघरच्या वऱ्हाळा तलावाकडे रोज सकाळी फिरायला जाणे. खर्च शून्य, हवा उत्तम, हृदयाला हितकर. पण भार आणि तोल यांचा प्रश्न तसाच राहतो. दुसरा, मोबाइलवरच्या चित्रफिती. त्याही फुकट, आणि काही खरोखर चांगल्या असतात. त्यांची अडचण एकच: त्या दाखवतात, पण पाहत नाहीत. पत्नीचा गुडघा आत वळतो आहे की पाठ वाकते आहे, हे पडद्यावरच्या माणसाला कसे कळावे? तिसरा पर्याय, जवळच्या व्यायामशाळेची बाराशे रुपयांची मासिक वर्गणी. तेथे शिक्षक असतो, पण वीस पोरांमागे एक. चौथा, सहा हजारांचा स्वतंत्र शिक्षक: महिन्याला बारा बैठका, म्हणजे बैठकीला पाचशे रुपये. वर्षाचे बहात्तर हजार. त्या आकड्याखाली मी दोनदा रेघ ओढली आणि वही मिटली.

त्या दिवसांत मला खाशाबा जाधवांचे चरित्र पुन्हा आठवले. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. म्हणजे पहिला वस्ताद घरातच. पुढे शिक्षणासाठी कोल्हापूरला, जेथे शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि तालमींचे गाव घडवले. तालमीतला वस्ताद म्हणजे आजच्या शब्दांत सांगायचे तर प्रशिक्षकच. शागिर्दाची बैठक, जोर, खुराक, झोप या सर्वांवर त्याची नजर असे. अशा परंपरेत वाढलेला हा मल्ल १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला निघाला, तेव्हा त्याच्यापुढे एक नवीच अडचण होती. त्याची सारी विद्या लाल मातीतली, आणि लंडनची कुस्ती मॅटवरची. नियमही वेगळे. त्या वेळी रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाने त्यांना मार्गदर्शन केले, आणि फ्लायवेट गटात खाशाबांनी सहावा क्रमांक मिळवला. चार वर्षांनी, १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले. तेथे बँटमवेट गटात खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

पदकाचे श्रेय गार्डनरला देणे हा त्या मातीतल्या वस्तादांवर अन्याय होईल. मला भावते ती वेगळी गोष्ट. खाशाबांना बळ कमी होते म्हणून नवा शिक्षक लागला नाही. पायाखालची जमीन बदलली म्हणून लागला. मातीवर जी पकड जिंकून देते ती मॅटवर तशीच उपयोगी पडेल याची खात्री नसते. नवी जमीन ओळखणारा कुणीतरी बाहेरून पाहणारा लागतो.

पत्नीचेही तेच झाले होते. ज्या शरीराने चाळीस वर्षे हंडे, दळणाचे डबे आणि मुले उचलली, ते शरीर आता बदलले होते. सवयी मात्र जुन्याच होत्या. कंबरेतून वाकून बादली उचलायची सवय तर विशेष. मणका विरळ झालेल्या माणसाने पाठ गोल करून, ओझ्यासह पुढे वाकणे टाळावे, असे डॉक्टर सांगतात; आणि चित्रफितींतल्या पोट कमी करण्याच्या कित्येक व्यायामांत नेमके हेच वाकणे असते. म्हणजे चुकीचा व्यायाम हा नुसता वाया गेलेला वेळ नव्हता. आणखी एक हाड मोडण्याची ती वाट होती. शिक्षकाच्या बाजूचे सर्वांत वजनदार कारण माझ्या वहीत हे लिहिले गेले.

याला पुष्टी देणारा एक अभ्यासही वाचनात आला. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधील ग्रिफिथ विद्यापीठाच्या संशोधकांनी हाडांची घनता कमी झालेल्या, पाळी गेलेल्या १०१ स्त्रियांवर केलेला प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास जड वजनांचा व्यायाम केला. दुसऱ्या गटाने घरी हलका व्यायाम केला. पहिल्या गटाच्या कंबरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली, दुसऱ्याची १.२ टक्क्यांनी घटली. हे वाचून कुणी उद्याच जड वजन उचलायला धावू नये. कारण त्या व्यायामाचे सारे यश एका अटीवर उभे होते. प्रत्येक बैठकीला जाणकार माणूस समोर उभा होता, आणि भार पायरीपायरीने वाढवला गेला होता.

प्रश्न आता ‘लावावा काय’ यावरून ‘कोण आणि किती दिवस’ यावर आला. येथे सावध राहावे लागते. आपल्याकडे डॉक्टरला नोंदणीशिवाय व्यवसाय करता येत नाही. फिजिओथेरपीसारख्या व्यवसायांसाठीही संसदेने २०२१ मध्ये कायदा केला. व्यायामशिक्षकाला मात्र असे कायद्याचे बंधन नाही. पिळदार दंड हेच पुष्कळदा त्याचे प्रमाणपत्र समजले जाते. म्हणून आम्ही पहिली पायरी वेगळी घेतली: प्लॅस्टर निघाल्यावर चार बैठका फिजिओथेरपिस्टकडे केल्या आणि काय करावे, काय टाळावे याचा कागद लिहून घेतला. मग शिक्षक पाहायला निघालो.

पहिला भेटला तो उमदा तरुण होता. त्याने पत्नीचे वजन विचारले, तीन महिन्यांत कंबर किती इंच उतरेल ते सांगितले आणि प्रथिनांच्या भुकटीचा एक मोठा डबा पुढे केला. अहवालाचे पाकीट पत्नीच्या हातात तसेच राहिले. आम्ही चहा घेऊन उठलो. दुसरी एक तरुणी होती. तिने व्यायामाचे रीतसर शिक्षण घेतले होते. तिने आधी अहवाल वाचला, औषधांची नावे टिपली, फिजिओथेरपिस्टचा कागद मागून घेतला आणि मग म्हणाली, “काकी, हात छातीशी घडी करा, आणि अर्ध्या मिनिटात या खुर्चीवरून जितक्या वेळा उठता येईल तितक्या वेळा उठून दाखवा.” पत्नी नऊ वेळा उठली. साठ ते चौसष्ट वयाच्या स्त्रीला बारा वेळा तरी उठता यावे. त्याहून कमी म्हणजे पडण्याचा धोका अधिक. इतकी वर्षे राबणाऱ्या माझ्या पत्नीच्या पायांत किती बळ उरले आहे, हे त्या नऊ आकड्याने प्रथम आम्हांला सांगितले.

मी तिला सरळ विचारले, “हे किती महिने चालायचे?” ती म्हणाली, “काका, मी शिकवलेले काकींना एकटीने बिनचूक करता आले, की माझे काम संपले. तीन महिने धरा.” माझा निर्णय या उत्तराने झाला. आमच्या कारखान्यात गावाहून नवा पोरगा येई तेव्हा तो आधी कांड्या भरी, मग एखाद्या जुन्या विणकराच्या शेजारी उभा राही. धागा तुटला की गाठ कशी मारायची, धोटा अडकला तर माग कसा थांबवायचा, हे तो त्याच्या हाताकडे पाहून शिके. आणि जुना त्याच्या हाताकडे पाहून चुका काढी. काही महिन्यांनी पोराच्या स्वाधीन माग होत. जन्मभर शेजारी उभा राहणारा उस्ताद कुणाला परवडला असता? आणि जो उस्ताद पोराला जन्मभर शेजारी उभे करून ठेवील, त्याला उस्ताद तरी कोण म्हणेल? बहात्तर हजारांचा आकडा मी खोडला आणि अठरा हजार लिहिला. तेवढा खर्च आम्हांला झेपणारा होता.

तीन महिन्यांत घडले ते असे. पहिले दोन आठवडे वजनाला हातही लावला नाही. खुर्चीवरून उठणे, भिंतीला हात टेकून ढकलणे, ओट्याला धरून एका पायावर उभे राहणे, आणि पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकणे एवढेच. मग पाण्याच्या बाटल्या, मग डंबेल. प्रत्येक दिवसाचा आकडा वहीत. “काकी, गुडघा आत जातोय,” “श्वास कोंडू नका,” ही दोन वाक्ये मी आतल्या खोलीतून इतक्यांदा ऐकली, की आता मीच ती म्हणतो. शेवटच्या आठवड्यात पत्नी अर्ध्या मिनिटात तेरा वेळा उठली. हाडे किती भरली हे कळायला वेळ लागतो. ती तपासणी इतक्या लवकर पुन्हा करीत नाहीत. पण दुसरा एक फरक तपासणीवाचून दिसला. पडल्यापासून ती एकटी बाजारात जात नव्हती. भिंतीच्या कडेने चालायची, ट्रकचा भोंगा वाजला की माझी बाही धरायची. एके दिवशी दुपारी मी झोपेतून उठलो तर घर रिकामे. ती मासळी घेऊन परत आली आणि म्हणाली, “अहो, तुम्ही झोपला होता, म्हणून गेले.” इतके सहज, जणू मधले सहा महिने नव्हतेच.

आता शिक्षिका दोन महिन्यांतून एकदा येते, चुका पाहते, भार थोडा वाढवते. त्या एका बैठकीचे पाचशे रुपये. एरवी आठवड्यातून तीन दिवस पत्नी व्यायाम करते आणि मी समोर बसून मोजतो; आणि हल्ली तिच्या आग्रहाने मीही खुर्चीवरून उठबस करतो.

एवढ्या अनुभवावरून सर्वांसाठी नियम सांगणे धाडसाचे होईल. तरी माझ्या हिशेबाचा गोषवारा देतो. ज्याची प्रकृती निरोगी आहे, वय लहान आहे, ज्याला केवळ आळस आडवा येतो, त्याने या खर्चाच्या फंदात पडू नये. चालायला सोबती शोधावा, तो फुकट मिळतो. शिक्षक पैसे घेऊन इच्छाशक्ती विकत नाही; ज्यांनी ती विकत घेण्यासाठी वर्षाची फी एकदम भरली, त्यांच्या पावत्या कपाटांत पडून आहेत. मात्र ज्याच्या शरीराची जमीन बदलली आहे, म्हणजे हाड मोडले, मधुमेह जडला, शस्त्रक्रिया झाली, वय उतरणीला लागले, त्याला बाहेरून पाहणारी जाणती नजर काही काळ मिळाली, तर तो खर्च खर्चाच्या खात्यात मांडू नये. आधी डॉक्टरांना विचारावे. जो अहवाल वाचत नाही, जो काय टाळावे हे सांगत नाही, जो डबे विकतो, त्याला नमस्कार करावा. आणि पहिल्याच दिवशी विचारावे, की तुमची गरज केव्हा संपेल? या प्रश्नाचे सरळ उत्तर देणारा शिक्षक मिळाला, तर पैसे सत्कारणी लागले असे खुशाल समजावे.

ज्यांना सहा हजार सोडा, सहाशेही जड आहेत अशी घरे नारपोलीत माझ्या खिडकीतून दिसतात. त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की घरातल्या बाईला आज संध्याकाळी एका खुर्चीवर बसवा, हात छातीशी घ्यायला सांगा, जवळ कुणीतरी सावरायला उभे राहा, आणि अर्धा मिनिट मोजा. त्याला एक पैसाही लागत नाही. आकडा कमी आला, तर सरकारी दवाखान्याची पायरी चढायला तो पुरेसे कारण आहे. आणि बरा आला, तर निदान त्या अर्ध्या मिनिटात घराने तिच्याकडे नीट पाहिले, असे होईल.